न फुटलेला नारळ

काशीरामकाकाला जुनी गाडी दाखवायची तर ती आदल्या संध्याकाळीच त्याच्या अंगणात नेऊन उभी करावी लागते. किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि गुमान घरी जायचं. सकाळी तो गार इंजिनाला किल्ली मारतो, मागच्या नळकांड्याजवळ हात धरतो, हाताचा वास घेतो आणि मग चहा प्यायला बसतो. चहा संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही. आधीच गरम करून आणलेल्या गाडीकडे तो बघतसुद्धा नाही. नवरी मळवट भरून, मुंडावळ्या बांधून आणलीत, आता मला तिचं तोंड काय दिसणार, असं म्हणतो.

मुंबईत एकतीस वर्षं तो परदेशी गाड्यांच्या गॅरेजात होता. पन्नाशी ओलांडल्यावर गावी आला. आमची वाडी पालीपासून तीन किलोमीटरवर. त्याच्या घराण्याकडे गावच्या गाऱ्हाण्याचा मान आहे. देऊळ असो, लग्न असो की नवी विहीर, हातात नारळ घेऊन देवाला सांगणं घालायचं ते त्याच्या घरातल्या माणसानं. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. शेवटच्या वाक्याला मात्र ज्याच्या घरचं कार्य असेल, त्याच घरच्या माणसानं म्हणायचं. मग नारळ फुटतो. नारळ फुटला की ठरलं ते ठरलं, मागे फिरणं नाही.

मी पालीच्या नाक्यावर आरटीओचे कागद करून देतो. माझं डोकं तापट आहे हे सगळ्या नाक्याला माहीत आहे, तेव्हा आधीच सांगून टाकतो की मला सूड आवडतो. क्षमा मोठ्या माणसांनी करावी, त्यांचे पाय जागेवर असतात.

पायाचं म्हणतो ते विनोदमुळे. विनोद हा काशीरामकाकाचा पुतण्या. आईबाप लहानपणी गेले, काकानंच मुंबईहून पैसे धाडून त्याला वाढवला. काळासावळा, हसरा, शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचायला लागला की बायका ओट्या भरायच्या विसरून बघत राहायच्या. त्याला लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्यानं द्यायला एक दिमाखदार गाडी हवी होती. नवी घेणं आवाक्याबाहेर, म्हणून जुनी. आणि ती विकायला होता नितेश. नितेश भावकीतलाच. त्याची आई हौसाकाकी ही काशीरामकाकाची चुलतभावजय. विनोद पोरका झाला तेव्हा तिनं त्याला वर्षभर आपल्या चुलीशी जेवू घातलं होतं.

नितेशचं जुन्या गाड्यांचं यार्ड तेव्हा रत्नागिरीच्या वेशीवर होतं. चंदेरी रंगाची जर्मन गाडी, एकसष्ट हजार किलोमीटर, पुण्याच्या डॉक्टरची, असं त्यानं सांगितलं. काशीरामकाका म्हणाला होता की माझ्या अंगणात एक रात्र उभी करा. पण पाडव्याच्या सकाळी नितेशनं गाडी थेट देवळासमोरच आणली. हार घातलेला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि नारळ काकाच्याच हातात दिला. सगळी वाडी जमलेली. धुतलेलं धोतर नेसून, हातात देवाचा नारळ घेऊन माणूस गाडीखाली कसा झोपणार? भावकीतल्या पोराच्या गाडीचं बॉनेट चारचौघांत उघडायला लावणं म्हणजे तो चोर आहे असं देवासमोर म्हणणं. आमच्याकडे माणूस मुकाट नुकसान सोसेल, पण तेवढं म्हणणार नाही. नितेशला हे पक्कं ठाऊक होतं. काकानं गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मीसुद्धा म्हटलं, आणि संध्याकाळी कागदही मीच केले. आरसी बघितली, आधीच्या मालकाला एक फोन लावला असता तर चाललं असतं, पण भावकीतला सौदा म्हणून नाही लावला. ते माझं पाप.

आषाढात विनोद कोल्हापूरहून रिकामी गाडी घेऊन परतत होता. आंबा घाटात वळणावर गाडी एकाएकी मेली. इंजिन बंद, दिवे बंद, स्टिअरिंग दगडासारखं, ब्रेक पायाखाली ताठ. गाडी कातळावर गेली. एअरबॅग एकही उघडली नाही. विनोदचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काशीरामकाका पोलिसांच्या आवारात गेला आणि गाडीतला सीटबेल्ट ओढायला लागला. आपण ओढतो तेवढा नाही. पार शेवटपर्यंत, गुंडाळी संपेस्तोवर. शेवटच्या हातभर पट्ट्यावर एक आडवी रेघ होती, वाळलेल्या गाळाची. काकानं ती नखानं खरवडली आणि मला तळहातावर दाखवली. आमची माती लाल. ही राखाडी होती, नदीच्या पुराची. गाडी छातीभर पाण्यात बुडालेली होती, वाळवून, वास घालवून, गालिचे बदलून विकली होती. सीटखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता. एअरबॅग उघडायचा इशारा देणारी पेटी त्याच सीटखाली असते.

आम्ही नितेशकडे गेलो. नुकसान भरून दे असं काका एका शब्दानं म्हणाला नाही. त्याला एवढंच हवं होतं की गाडी बुडालेली होती आणि मला ते ठाऊक होतं, हे नितेशनं देवळात येऊन, विनोदसमोर बोलावं. कारण खोट्या गाडीवर काकाच्या तोंडून गाऱ्हाणं गेलं होतं, आणि ते त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. नितेश खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

“काका, गाऱ्हाणं कुनी घातलं? तुमीच ना?” तो म्हणाला. “सौदा देवासमोर झालाय. आता तक्रार असंल तर देवाकडं करा.”

चोर तो चोर, वर शिरजोर. मी त्याच्या टेबलावरची काच फोडणार होतो, काकानं माझं मनगट धरलं. परतताना तो बसमध्ये एवढंच म्हणाला, “देवाकडंच करू मग.” त्या दिवसापासून त्यानं डूख धरला. देवळातलं गाऱ्हाणं तो धाकट्या भावाला घालायला लावी, स्वतः मागे उभा राही. शिमग्यात पालखी नाचायची तेव्हा विनोद प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायचा, आणि काका त्याच्याकडे न बघता नितेशच्या घराकडे बघायचा.

याच काळात काका गाड्या तपासून द्यायला लागला, फुकट. लोकांना वाटायचं म्हातारा पुण्य करतोय. कसलं पुण्य! नितेशच्या यार्डातली प्रत्येक गाडी त्याच्या अंगणात उभी राहून मग गिऱ्हाईकाविना परत जात होती. विनोद माझ्या दुकानात फॉर्म भरायला बसू लागला होता. काका त्याला तिथे बसून एकेक गोष्ट शिकवायचा, जसं काही विनोद पुन्हा गाडी घेणार आहे. जास्त पळालेल्या गाडीला भिऊ नये, असं त्याचं म्हणणं. दोन लाख पळालेली पण वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी घ्यावी, आणि चाळीस हजाराची, कागद नसलेली, तिच्या सावलीलाही उभं राहू नये. पळणं हा गाडीचा धर्म आहे, खोटं बोलणं हा माणसाचा.

दोन वर्षं गेली. नितेशनं यार्ड हलवून पालीत आणलं, नेमकं माझ्या दुकानासमोर. दसऱ्याला उद्घाटन. मंडप, माइक, महामार्गाकडे तोंड केलेले दोन कर्णे. मधोमध मानाला एक काळी, लांबलचक परदेशी गाडी, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर. तिला गिऱ्हाईक ठरलेलं होतं. मांडवीचे हारुनभाई, उभा जन्म जहाजावर काढलेला माणूस. त्यांच्या रहिमाभाभींच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, दर पंधरवड्याला कोल्हापूरला न्यायचं, म्हणून गादीसारखी चालणारी गाडी हवी होती. नवी परवडत नव्हती. हारुनभाई कागदांचं विचारायला माझ्याकडे आले तेव्हा मला हे कळलं. कोल्हापूर, म्हणजे तोच घाट.

या खेपेला मी फोन लावला. आधीच्या मालकापर्यंत पोचायला तीन दिवस गेले. गाडी गोव्यातल्या एका हॉटेलची निघाली, विमानतळावरून पाहुणे आणणारी. तिथला माणूस सरळ म्हणाला की गिअरबॉक्स धक्के मारायला लागला, दीड लाख कधीच उलटले होते, म्हणून काढली. मी ते काकाला सांगितलं. काका फक्त हं म्हणाला.

आणि दुसऱ्याच दिवशी हौसाकाकी त्याच्या दारात आली. नितेशनंच पाठवली होती, स्वतः यायचं तोंड नव्हतं. पालीचा नाका आमच्याच देवाच्या शिवेत येतो, तेव्हा गाऱ्हाण्याशिवाय चालायचं नाही, आणि मान काकाचा. काकी उंबऱ्यावर बसली, विनोदच्या कुबडीकडे बघून डोळे पुसले आणि विचारलं, येशील ना भावोजी. माझी खात्री होती की काका तिला वाटेला लावणार. काका म्हणाला, “येईन वयनी. गाऱ्हाणं माजंच हाय.”

मला राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे पीळच जळालेला दिसला.

दसऱ्याला काका उजाडता उजाडता यार्डात हजर. दुकान उघडायच्या निमित्तानं मीही समोर. काकाच्या हातात पूजेचं ताट, काखेत नारळाची पिशवी. नितेशला म्हणाला की आजचा दिवस लोखंडाचा, नुसत्या बॉनेटला टिळा लावून भागत नाही, इंजिनालाही हळदकुंकू लागतं. नितेशला काय, तो मंडपवाल्यांवर खेकसण्यात गुंतलेला. त्यानंच एकेका गाडीचं बॉनेट उघडून दिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी दुकान सोडून पायरीवर येऊन बसलो. काही तिथून दिसलं, काही मागाहून काकानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी देवाचा नारळ आडवा आला म्हणून ज्याला गाडी तपासता आली नव्हती, तो आज देवाच्याच नावानं तपासत होता.

काळ्या गाडीच्या तेलाचं झाकण काढून त्यानं आत बोट फिरवलं आणि मग त्याच बोटानं कुंकू लावलं. चाकांना झेंडू बांधताना मागच्या चाकावरच्या फटीत मूठ घालून बघितली, मूठ गेली. पुढच्या डाव्यावर घातली, दोन बोटं गेली. असल्या गाड्या स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात, म्हणजे त्या कोपऱ्यातल्या फुग्याची हवा रातोरात गळत होती. टायरवरचे तारखेचे आकडे वाचले. चारी टायरांची वर्षं वेगळी. चारी दारांचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यांना एकेक फूल खोवलं. पायाखालच्या पॅडलला हळद लावली, पॅडलचं रबर कोरं करकरीत. अठ्ठेचाळीस हजार पळालेल्या गाडीला नवं रबर लागतं कशाला? ड्रायव्हरच्या सीटची कड बसून बसून चपटी झालेली, मागची सीट मात्र दोनदा शिवलेली. मग पिशवीतून तळहाताएवढं यंत्र काढून स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावलं, वर झेंडू टाकला. मीटर फिरवणारे समोरचा आकडा फिरवतात, गिअरबॉक्सच्या पोटात लिहिलेला तसाच राहतो. शेवटी नितेशला म्हणाला, देवाआधी एकदा तूच किल्ली मार, तुझ्या हातचा मान. नितेशनं हसत हसत किल्ली मारली. मागून निळा धूर आला. अगरबत्तीच्या धुरात तो कुणाच्या लक्षात आला नाही.

दहा वाजता मंडप भरला. निम्मी पाली, आमची सगळी वाडी, हारुनभाई एका बाजूला अदबीनं हात बांधून उभे, हौसाकाकी आरतीचं ताट घेऊन नितेशच्या शेजारी. नितेशनं आपल्या हातानं माइक काकाच्या तोंडाशी धरला. काकानं नारळ दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले, आणि दोन वर्षं न ऐकलेला त्याचा आवाज कर्ण्यांतून महामार्गावर गेला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरानं तुज्या शिवेत दुकान मांडलंय.”

व्हय म्हाराजा, आम्ही म्हणालो.

“त्याच्या धंद्याला उजेड दे. जां झाकलेलं असंल तां उघडं कर.”

व्हय म्हाराजा. नितेशही मोठ्यानं म्हणाला.

“ही काळी गाडी. तिच्या काचेवर अठ्ठेचाळीस हजार लिवलंय, आनि पोटात एक लाख चौऱ्याऐंशी हजार लिवलंय. तुला दोनी आकडे दिसतात, म्हाराजा.”

सवय वाईट असते. तीनशे माणसं व्हय म्हाराजा म्हणून गेली आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो. नितेशनं माइक मागे ओढायला घेतला, पण ओढता येईना. गाऱ्हाणं मधे तोडलं तर तोडणाऱ्याचं घर बसतं, हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक होतं.

“पळाली हा तिचा गुना न्हाय. तिच्या एका कोपऱ्यात हवा राहत न्हाय, ती तिला दे. तिच्या इंजनात तेल जळतंय, निळा धूर येतोय, तो आमाला दाखव. तिच्या गिअरला धक्के हायत, ते घाटात न लागता हितंच लागूदेत.”

व्हय म्हाराजा. आता आवाज कमी होता, पण होता. हारुनभाईंनी बांधलेले हात सोडले.

“दोन वर्सांमागं ह्याच तोंडानं मी एका बुडालेल्या गाडीवर तुजं नाव घेतलं. बेल्ट शेवटपर्यंत वढला न्हाय. चूक माजी. त्याची सजा माज्या पोराला झाली, माजा पाय शाबूत हाय. ती माजी चूक पदरात घे.”

हे म्हणताना त्याचा आवाज चिरकला. मीही त्या चुकीत होतो. मी व्हय म्हाराजा म्हटलं आणि मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

काकानं डोळे उघडले आणि नितेशकडे बघितलं.

“आनि ज्यानं जानून-बुजून बुडालेली गाडी आपल्याच रक्ताला विकली, ज्यानं मीटर मागं फिरवला, त्याची बरकत तशीच मागं फिरव, म्हाराजा.”

हे शेवटचं. आता ज्याच्या घरचं कार्य, त्या घरानं बोलायचं. काका नारळ डोक्यावर धरून थांबला. व्हय म्हटलं तर स्वतःलाच शाप, नाही म्हटलं तर कबुली. नितेशच्या कपाळावरचा टिळा घामानं नाकावर उतरला. मी उभ्या आयुष्यात एवढं समाधानानं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघितलेलं नाही.

“व्हय म्हाराजा.”

हौसाकाकी बोलली होती. मुलाकडे न बघता ती सरळ देवाच्या तसबिरीकडे बघत होती.

काकाला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं हात खाली घेतले. “वयनी, तुमचं पोचलं,” तो हळू म्हणाला. “ज्याचं पोचायचं हाय, तो बोलंस्तोवर नारळ फुटायचा न्हाय.” आणि नारळ काखेत मारून मंडपातून चालता झाला.

हारुनभाई त्याच्या मागोमाग गेले. गाडी त्यांनी घेतली नाही हे सांगायला नकोच. पुढे महिनाभरानं काकानं त्यांना मुंबईहून एक लाख सत्तर हजार पळालेली, सगळे कागद असलेली गाडी काढून दिली, आणि रहिमाभाभी तिच्यातून घाट झोपून पार करतात. लोक म्हणतात काशीरामनं बाईचा जीव वाचवला. मी त्यांना सांगतो, काशीराम तिथे सूड घ्यायला गेला होता. जीव वाचला तो वरकमाईत.

मी त्या दिवशी दुकानात परतलो तेव्हा विनोद काउंटरला धरून उभा होता. गाऱ्हाणं बसून ऐकत नाहीत.

नारळ काकानं देवळात, गाभाऱ्याच्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. आमच्याकडे देवापुढचा न फुटलेला नारळ म्हणजे उघडं राहिलेलं भांडण. येणारा-जाणारा तो बघतो आणि हा कुणाचा असं विचारतो, आणि सांगणारे आम्ही आहोतच. नितेशच्या यार्डात कुणी फिरकेना. काळी गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यात आणखी बसली. काकीनं घरात त्याच्याशी बोलणं टाकलं, जेवण वाढून आत जायची.

शिमग्याला नितेश आला. पालखी देवळातून निघायच्या आधी, सगळे असताना. मान खाली, पण आला. कोनाड्याजवळ उभा राहून म्हणाला की ती चंदेरी गाडी पुरातली होती, मी लिलावात घेतली होती, मला ठाऊक होतं. विनोद खुर्चीवर होता, त्याच्यासमोर हात जोडले. मग काकाकडे वळून म्हणाला, “आता नारळ फोडा, काका. म्हातारी माज्याशी बोलत न्हाय.”

काकानं नारळ उचलला. कानाशी धरून हलवला, एकदा, दोनदा, जसा तो इंजिनाचा आवाज ऐकतो तसा. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, शब्द न् शब्द. त्याचा चेहरा मला कित्येक दिवसांनी हलका दिसला, आणि हात फोडायला वर गेला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो थांबला. त्यानं विनोदला विचारलं, “फोडू?”

विनोद हा आमच्या वाडीतला सगळ्यात हसरा मुलगा. कुणाला कधी उलट बोललेला नाही. दोन वर्षांत त्यानं नितेशचं नावसुद्धा तोंडातून काढलं नव्हतं, आणि आम्ही सगळे समजत होतो की त्यानं सोडून दिलंय. बाहेर ढोल सुरू झाला, पोरांनी पालखी उचलली. विनोदनं तिकडे बघितलं, मग आपल्या दुमडून पिन लावलेल्या पँटच्या पायाकडे.

“नको,” तो म्हणाला. “राहूदे काका.”

काकानं नारळ पुन्हा कोनाड्यात ठेवला. तो अजून तिथेच आहे. मी येता-जाता हलवून बघतो, आतलं पाणी कधीच आटलंय, आता नुसता खोबऱ्याचा गोटा खुळखुळतो.